दसऱ्यानंतरचा नंबर

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. मी एका सॉफ्टवेअरमधलं जुनं फंक्शन आहे. अंगानं म्हणाल तर जेमतेम सहा-सात ओळींचं. मला हात नाहीत, पाय नाहीत. मला गंज चढत नाही की वाळवी लागत नाही. तरीही आमच्यासारख्यांची आबाळ होते, आणि ती झाली की भलत्याच कुणाला तरी भोगावं लागतं. माझ्या बाबतीत ते एका लहान मुलीला भोगावं लागलं. तिचं नाव ज्ञानेश्वरी.

फंक्शन म्हणजे एकदाच नीट सांगून ठेवलेलं काम. त्या कामाला नाव द्यायचं. त्याच्या हातात काय द्यायचं आणि त्यानं परत काय द्यायचं, हे ठरवायचं. मग सॉफ्टवेअरमध्ये कुठूनही त्या नावानं हाक मारली की काम होऊन येतं. गिरणीत बाजरी ओतली की बाजरीचं पीठ पडतं आणि ज्वारी ओतली की ज्वारीचं, तसंच हे. भाकरी कोण खाणार, हे गिरणी विचारत नाही. मीही विचारत नाही. आम्ही सगळे सांगकामे. सांगणारा शहाणा असेल तर आम्ही शहाणे दिसतो, एवढंच.

माझा जन्म नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत झाला. खाली लेथचं वर्कशॉप आणि वर आमचं छोटं ऑफिस. दिवसभर खालून लोखंड कापल्याचा आवाज यायचा. तिथे प्रज्ञा नावाची मुलगी प्रोग्राम लिहायची. ती बोलत बोलत लिहायची, त्यामुळे माझ्या जन्माची हकिगत मला तोंडपाठ आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या एका संस्थेचं मुलांचं वसतिगृह आहे. दसरा झाला की तिकडच्या गावांमधून ट्रक भरतात. माणसं ऊसतोडीला निघतात. कोयते, भांडी, पांघरुणं, कोंबड्यासुद्धा ट्रकमध्ये चढतात, आणि आईबापांबरोबर मुलंही. उसाच्या फडात गेलेलं मूल शाळेत परत येतंच असं नाही. वर्ष-दोन वर्षं ते मोळ्या बांधतं, धाकट्या भावंडांना सांभाळतं आणि मग त्याच्याही हातात कोयता येतो. तसं होऊ नये म्हणून हे वसतिगृह. आईबापांनी मूल तिथे ठेवून जायचं आणि ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येईपर्यंत संस्थेनं सांभाळायचं. तिथल्या मुलांची सगळी काळजी मनकर्णाबाई वाहतात. मुलंच काय, सगळेच त्यांना मावशी म्हणतात.

मूल आजारी झालं, कुठे पडलं-धडपडलं, तर मावशींनी एक बटण दाबायचं आणि निरोप थेट आईबापांच्या फोनवर जायचा, असं सॉफ्टवेअर संस्थेला हवं होतं. प्रज्ञानं कामाला सुरुवात केली तेव्हा मनकर्णाबाई ऑफिसात आल्या होत्या.

"मावशी, सगळ्या मुलांच्या वडिलांचे नंबर घेतलेत ना?"

"घेतलेत की. पन दसऱ्यानंतर त्यो नंबर काय कामाचा, पोरी? मोबाईल घरी म्हाताऱ्या मानसापाशी ठिवून जात्यात. बँकेचा, गॅसचा ओटीपी त्याच्यावरच येतो नं. फडात कुठं लाईट हाय मोबाईल चार्ज कराया?"

प्रज्ञा हसली. "माहीत आहे मला. आमची आई पण तोडीला जायची. निरोप द्यायचा तर टोळी नेणाऱ्या मुकादमालाच द्यावा लागायचा."

"मंग झालं तर. मुकादमाचा मोबाईल तेवढा चालू असतो. त्याचा नंबर मी दर साली दसऱ्याला भरीत जाईन."

प्रज्ञाची आई गीताबाई. प्रज्ञा लहानपणी आईच्या बहिणीकडे राहायची आणि आई सहा महिने फडात. ताप भरला की आईला कळवायचं कसं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी जन्माला येण्याआधी निरोप कुणाला द्यायचा, याचा हिशेब प्रज्ञानं चार ठिकाणी लिहिला होता. आजारपणाचा निरोप, सुट्टीचा निरोप, पालकसभेचा आणि रजेचा. मग ती स्वतःवरच चिडली. "चार ठिकाणी तेच लिहिलं म्हणजे चार ठिकाणी चुकायची सोय केली," असं म्हणून तिनं त्या ओळी काढून एकत्र आणल्या, त्यांना एक नाव दिलं आणि मी तयार झालो. नाव होतं 'पालक कुठे'. चारही ठिकाणांहून आता फक्त मला हाक यायची. हाक मारणारा माझ्या हातात मुलाचं नाव आणि आजची तारीख ठेवायचा. दसरा ते पाडवा यांमधले महिने असले तर मी मुकादमाचा नंबर परत द्यायचो, नाहीतर वडिलांचा. माझ्या पोटात एवढी एकच अट होती. तीच माझी अक्कल होती म्हणा.

पहिल्याच वर्षी एक मुलगा लिंबाच्या झाडावरून पडला आणि त्याचा हात मोडला. मला हाक आली, मी नंबर दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप एसटी बदलत बदलत दारात हजर. मनकर्णाबाईंनी प्रज्ञाला मुद्दाम फोन केला. "लई झ्याक केलंस बाई. पूर्वी आईबापास्नी कळंस्तोवर पोरगं बरं हून खेळाया लागायचं." प्रज्ञानं ते सगळ्या ऑफिसला ऐकवलं. खालच्या वर्कशॉपमधून चहा आला. मला चहा मिळत नाही, पण तो दिवस मला आवडला.

पुढच्या दसऱ्याला धनश्री आणि वैजनाथ हे जोडपं आपल्या एकुलत्या मुलीला घेऊन वसतिगृहात आलं. ती ज्ञानेश्वरी. तिसरीत होती. वैजनाथ तयार होता, धनश्री काही केल्या मुलीचा हात सोडत नव्हती. मुलीला ठेवायचं की ट्रकमध्ये घालायचं, हे तिच्या मनात अजून ठरत नव्हतं.

"पोरीला काय झालं तर मला कळाया पायजे," ती म्हणाली. "तेवढं कळनार असंल तर ठिवते. न्हाईतर माझी पोर माझ्यासंगं."

मनकर्णाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तिच्यासमोर मुलीचं नाव काढून बटण दाबलं. ट्रकजवळ उभ्या असलेल्या मुकादमाच्या खिशात फोन वाजला. मुकादमानं फोन काढून ओरडून सांगितलं, "धनश्री, तुझ्या पोरीचा निरोप हाय गं." मग ती हसली आणि ट्रकमध्ये चढली. मित्रांनो, त्या दिवशी एका आईनं माझ्या सहा ओळींवर विश्वास ठेवला. मी कोण, कसा, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

ज्ञानेश्वरी रुळली. तिसरी पास झाली. पाडव्याला आईबाप आले तेव्हा तिनं त्यांना धडा वाचून दाखवला. मावशी सांगत होत्या की वैजनाथ तो धडा ऐकताना सारखा डोळे पुसत होता.

त्याच उन्हाळ्यात प्रज्ञा पुण्याला नोकरीला गेली. जाताना तिनं सगळ्या फायली नीट लावून दिल्या. पण माझ्याजवळ ती अट का आहे, हे तिनं कुठेही लिहिलं नाही. तिला ते लिहायची गोष्टच वाटली नाही. दसऱ्यानंतर आईबाप गावात नसतात, हे कधी कुणाला सांगावं लागतं का? तिच्या लेखी ते सगळ्या जगाला माहीत होतं.

तिच्या जागी प्रशांत आला. नगरमधल्या सावेडीचा, शहरात वाढलेला. वडील नोकरदार, आई घरी, फोन करावा तेव्हा दोघंही सापडणारी. प्रशांत वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. उलट तो फार टापटिपीचा. दुसऱ्याच्या कामात शिरलं की आधी झाडलोट करायची, ही त्याची सवय. जूनमध्ये, शाळा उघडण्याआधी, त्यानं सगळं सॉफ्टवेअर झाडायला काढलं आणि एक दिवस मी त्याच्यासमोर उघडा पडलो.

"हे काय?" तो स्वतःशीच म्हणाला. "अर्धं वर्ष एक नंबर आणि अर्धं वर्ष दुसरा? कसलं तरी तात्पुरतं ठिगळ राहून गेलंय वाटतं."

त्याचं बोट क्षणभर थांबलं. फोन शेजारीच होता आणि प्रज्ञाचा नंबरही त्यात होता. पण नव्या नोकरीत तिला कशाला त्रास द्यायचा, असं म्हणून त्यानं तो उचलला नाही. त्यानं माझी अट पुसली आणि माझं नावही बदललं. 'पालक कुठे' हे त्याला विचित्र वाटलं, म्हणून मी 'पालकाचा नंबर' झालो. नाव सुटसुटीत होतं, यात शंका नाही. पण जुन्या नावात निदान एक प्रश्न तरी होता.

मग त्यानं मला तपासलं. एकेका मुलाचं नाव घालून हाका मारल्या. आधी मी जो नंबर देत होतो तोच आताही देत होतो. देणारच. महिना जूनचा होता आणि जूनमध्ये आईबाप घरीच असतात. जुनं उत्तर आणि नवं उत्तर एकच आलं. पडद्यावर सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या आणि प्रशांत समाधानानं जेवायला गेला. फंक्शनचा एक मोठा गुण सांगतात की एका जागी दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त होतं. बिघाडाचंही तसंच असतं, हे मात्र कुणी ठणकावून सांगत नाही. मला जिथून जिथून हाक येत होती, तिथे तिथे तो बिघाड त्या दिवशी जाऊन बसला.

मला काही दुखलं नाही. आम्हाला दुखत नाही. बरं, ओरडून सांगावं तर आम्हाला तोंड नाही.

दसरा आला. मनकर्णाबाईंनी ठरल्याप्रमाणे एकेका टोळीच्या मुकादमाचा नंबर भरला. तो नंबर माझ्या शेजारी नुसता पडून राहिला, कारण तो बघायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. धनश्री यंदा निर्धास्त होती. गेल्या वर्षी तिनं फोन वाजताना स्वतः ऐकला होता, मग यंदा पुन्हा कशाला वाजवून बघायचा? तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टोळी कर्नाटकाकडे गेली. दिवाळीच्या सुट्टीचे निरोप गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे गेले. त्यांतलं कुणी काही बोललं नाही, आणि आईबाप परगावी असल्यामुळे त्यांचं उत्तर आलं नाही, यात कुणाला वावगंही वाटलं नाही.

दिवाळीनंतर ज्ञानेश्वरीला ताप आला. डेंग्यू निघाला. मावशींनी तिला नगरच्या दवाखान्यात भरती केलं आणि निघतानाच बटण दाबलं. मला हाक आली. मी वैजनाथचा नंबर दिला. माझ्या शेजारचं फंक्शन निरोप पाठवतं. त्यानं निरोप पाठवला आणि तो त्या फोनवर पोचलाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'कळवलं'. तो फोन मात्र गावात, वैजनाथच्या वडिलांच्या, म्हणजे गोरक्षनाथबाबांच्या पत्र्याच्या पेटीत होता. बाबांना ऐकू कमी येतं आणि वाचता येत नाही. गॅसवाला आला की ते पेटी उघडून फोन त्याच्या हातात देत आणि तो आपला ओटीपी बघून घेई. तेवढाच त्या फोनचा उपयोग.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. हे सगळं मनकर्णाबाईंनी नंतर ऑफिसात येऊन सांगितलं, तेव्हा मी प्रशांतच्या पडद्यावर उघडाच होतो.

"मी पोरीला सांगत राह्यले, निरोप पोचलाय, येती तुझी आई," त्या म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्याच नव्हत्या. "रोज सांगायची. ती दाराकडं बघत पडायची. मी बी रोज बटन दाबायची. रोज त्ये म्हनायचं, कळवलं. मला वाटलं, मुकादम सोडीत नसंल त्यान्ला. आगाऊ उचल घेतलेली, ऐन हंगाम. कळवलं दिसत हुतं, म्हनून फोन लावायचं सुचलंच न्हाई. मी त्या मुकादमाला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या म्हनून सांगू."

"मग त्यांना कळलं कसं?" प्रशांतनं विचारलं.

"टोळीतली एक बाई. तिचं पोरगं आमच्यातच हाय. तिनं बाजाराच्या दिवशी कुनाच्या तरी मोबाईलवरून वसतिगृहात पोराला फोन लावला, तर त्यो बोलला, ज्ञानेश्वरी दवाखान्यात हाय. धनश्री बाजारातून तशीच निघाली."

ती पोचली तोवर मुलीचा ताप उतरला होता. जिवावरचं संकट टळलं होतं. धनश्री खाटेजवळ गेली तर मुलीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आईनं हाक मारली, अंगावरून हात फिरवला, पण मुलगी वळली नाही. आईला निरोप पोचला आणि तरी आई आली नाही, एवढंच तिला माहीत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं दुसरं काय समजायचं?

धनश्री मावशींवर उसळली. मावशींनी आपला मोबाईल पुढे केला आणि ती हिरवी अक्षरं दाखवली. "हे बघ, कितींदा कळवलं मी."

धनश्रीनं पाहिलं आणि विचारलं, "कुनाला?"

धनश्रीनं दवाखान्यातूनच मुलीला नेलं. वसतिगृहातली तिची पेटीसुद्धा न्यायला ती थांबली नाही.

प्रशांत हे ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं प्रज्ञाला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"त्यात महिन्यांची अट होती ती कुठे गेली?" प्रज्ञानं विचारलं.

"मी काढली. मला ती उगाचच वाटली."

तिनं त्याच्याकडून माझ्या ओळी एकदा वाचून घेतल्या. खाली लेथ चालू होता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "का ठेवलीय ते शेजारी एका ओळीत लिहायचं होतं मी. तुला कसं माहीत असणार?"

"मी विचारायला हवं होतं," प्रशांत म्हणाला.

दोघांचंही खरं होतं, आणि दोघांच्याही खरेपणाचा आता काही उपयोग नव्हता.

प्रशांतनं माझी अट परत बसवली. माझं जुनं नाव मला परत दिलं. वर मराठीत एक ओळ लिहिली: 'दसरा ते पाडवा आईबाप तोडीवर असतात, त्यांचा फोन घरी असतो, म्हणून मुकादमाचा नंबर.' केवढीशी ती ओळ. मग त्यानं तपासणीसाठी वर्षातल्या प्रत्येक महिन्याची हाक लिहून ठेवली. हिरव्या खुणा पुन्हा आल्या. या वेळी तो जेवायला गेला नाही.

"मावशी, एकदा प्रयत्न करू," तो म्हणाला. "ती परत येईल. अजून परीक्षा लांब आहे."

मनकर्णाबाईंनी ज्ञानेश्वरीचं नाव काढलं. मला हाक आली. मी मुकादमाचा नंबर दिला, आणि या वेळी निरोपाऐवजी थेट फोन लावला गेला. मुकादमानं उचलला आणि धनश्रीला बोलावून आणलं. मागून कोयत्यांचा आवाज येत होता.

"धनश्री, चूक झाली बाई आमच्याकडून," मावशी म्हणाल्या. "आता नीट केलंय समदं. पोरीला परत पाठव. काय बी झालं तरी तुला लगेच कळवू."

"आता काय कळवायचं राह्यलं, मावशी?" धनश्रीच्या आवाजात राग नव्हता. "पोरगी माझ्याम्होरंच हाय. मोळ्या बांधती. चांगल्या बांधती."

"तिची शाळा गं?"

फोन बंद झाला नव्हता. पलीकडे कोयते चालू होते. थोड्या वेळानं मुकादमाचा आवाज आला, "ती गेली फडात. ठिवू का?"

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी तरी माझ्यासारखी फंक्शनं लिहील. तेव्हा एवढं करा. नाव असं द्या की काम कळेल, आणि अट घातलीत तर ती का घातली हेही लिहा, तुम्हाला ते कितीही उघड वाटलं तरी. तुमच्या गावाला जे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ते दुसऱ्या गावाला मुळीच ठाऊक नसतं. आणि दुसऱ्यानं लिहिलेलं काही तुम्हाला विचित्र वाटलं, तर पुसण्याआधी त्याला एक फोन करा. फार तर तो तुम्हाला हसेल.

मी अजून त्याच कामावर आहे. दसरा ते पाडवा मुकादमाचा नंबर देतो, एरवी वडिलांचा, आणि अट परत बसल्यापासून एकदाही चुकलेलो नाही. संस्थेनं ज्ञानेश्वरीचं नाव अजून कमी केलेलं नाही, मनकर्णाबाई करू देत नाहीत. दर महिन्याला एकदा त्या तिचं नाव काढून मला हाक मारतात. मी बरोबर नंबर देतो. त्या तो नंबर बघतात, लावत मात्र नाहीत, आणि पडदा बंद करून मुलांना जेवायला वाढायला जातात.